चामखीळ समजून जाळू नका: स्किन कॅन्सरच्या बाबतीत या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे वाढत चाललेला तीळ किंवा चामखीळ चुना, ॲसिड लावून नाहीतर पार्लरमध्ये जाळून टाकणं. वरचं दिसणारं जातं हो, पण आजार किती खोल गेला होता हे तपासून सांगता येईल असा कातडीचा तुकडाच उरत नाही.

कातडीचा वरचा थर एपिडर्मिस, त्याच्या तळाशी बेसल पेशींची रांग, त्या रांगेतच मधेमधे रंग बनवणाऱ्या मेलॅनोसाइट, आणि खाली बेसमेंट मेम्ब्रेनचा पातळसा पडदा. कॅन्सर पडद्याच्या वर आहे तोवर जागच्या जागी, पडदा फोडून खालच्या थरात, म्हणजे डर्मिसमध्ये उतरला की तिथे रक्तवाहिन्या आहेत, मग त्याला पसरायला वाट मिळते. मेलॅनोमा म्हणजे या मेलॅनोसाइटचा कॅन्सर, त्याची जाडी मायक्रोस्कोपखाली स्लाईडवर मिलिमीटरमध्ये मोजतात आणि पुढची ट्रीटमेंट बरीचशी त्या आकड्यावर ठरते, त्यामुळे लॅबमध्ये वरवर खरवडून पाठवलेला तुकडा आला की जीव तुटतो, तळच नाही तर मोजायचं कुठपर्यंत?

"आपण सावळे, आपल्याला कुठला स्किन कॅन्सर" हीपण चूकच. आपल्याकडे मेलॅनोमा बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला, नखाखाली होतो, जिथे उन्हाचा फारसा संबंधच नाही. लोक कुरूप समजून महिनोन्‌महिने पट्ट्या लावत बसतात. नखाखाली मार लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं. पण नखावरची काळी रेघ रुंद होत असेल किंवा काळेपणा नखाशेजारच्या कातडीवर उतरला असेल तर लगेच दाखवा. गायक बॉब मार्लेच्या पायाच्या अंगठ्याचा मेलॅनोमा आधी फुटबॉलची दुखापत वाटला होता, 1981 मध्ये 36व्या वर्षी तो गेला.

उलट काळं दिसलं की मेलॅनोमाच असंही नाही. आपल्याकडचा बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे बेसल पेशींसारख्या पेशींचा कॅन्सर, पुष्कळदा काळाच असतो, नाकाडोळ्यांजवळ, मोत्यासारखी चमकणारी कड असलेला. तो लांब क्वचितच पसरतो पण आहे तिथलं कुरतडत जातो.

स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे एपिडर्मिसच्या चपट्या पेशींचा कॅन्सर, याची गोष्ट वेगळी. भाजल्याच्या जुन्या व्रणावर जखम होते, भरत नाही, आणि घरी नुसतं ड्रेसिंग चालू राहतं. मुंबईचे पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी 1945 मध्येच धोतराच्या घट्ट गाठीमुळे कमरेवर होणाऱ्या कॅन्सरबद्दल लिहिलंय, साडी-परकराच्या नाडीचंही तेच, म्हणून आजीच्या कमरेवरचा काळा घट्टा एकदा नीट बघा, तिथे चीर पडून ओलं राहत असेल तर डॉक्टरांकडे न्या. अशा जखमेचा तुकडा कडेचाही हवा, मधे बऱ्याचदा नुसता मेलेला भाग मिळतो. आणि तुकडा सलाईनमध्ये नाही, 10 टक्के फॉर्मालिनमध्ये (तुकडा टिकवणारं द्रावण) पाठवा, तुकड्याच्या किमान दहापट फॉर्मालिन, सलाईनमध्ये पेशी कुजतात.