ब्लेडच्या पुढे: डोंगरातल्या रेल्वेने बोहीन्य ते त्रिएस्ते

स्लोव्हेनियातल्या ब्लेडला येणारे बहुतेक प्रवासी तळं बघतात, बेटावर जातात, किल्ल्यावर चढतात आणि संध्याकाळी ल्युब्ल्यानाला परततात. त्याच तळ्याच्या पश्चिमेला, थोडं वरच्या अंगाला ब्लेड येझेरो नावाचं लहानसं स्टेशन आहे. तिथून सुटणारी पॅसेंजर गाडी ज्युलियन आल्प्सच्या पोटातून सोचा नदीच्या खोऱ्यात उतरते आणि थेट इटलीच्या सरहद्दीला जाऊन टेकते. गर्दीपासून दूर, गावातल्या माणसांच्या दिनक्रमात मिसळून आठवडा काढायचा असेल, तर युरोपात याहून सोयीचा कोपरा शोधून सापडायचा नाही. फक्त एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. इथे कुठे जायचं यापेक्षा कधी पोचायचं हे जास्त महत्त्वाचं आहे. बस, दुकानं, डोंगरातली विश्रामघरं, शेतकऱ्यांच्या अंगणातल्या खानावळी, सगळ्यांचं स्वतःचं वेळापत्रक असतं आणि ते पाहुण्यांसाठी बदलत नाही.

कधी जावं, किती दिवस

सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सगळ्यात चांगला. उंचावरची विश्रामघरं उघडी असतात, कुरणांवर गुरं असतात, चीज बनत असतं आणि ऑगस्टची गर्दी ओसरलेली असते. जून अर्धा होईपर्यंत उंच वाटांवर बर्फ राहू शकतो. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर वीज-वादळं होतात आणि शनिवार-रविवारी विश्रामघरं भरलेली असतात. डोंगर चढायचाच नसेल तर ऑक्टोबरही उत्तम. इटलीतल्या त्रिएस्ते या बंदर-शहराच्या वरच्या अंगाला कार्स्ट हे चुनखडीचं पठार आहे, तिथली झुडपं तेव्हा लालभडक होतात.

सात रात्री धराव्यात. दोन बोहीन्य तळ्याच्या खोऱ्यात, एक डोंगरात, दोन सोचाच्या खोऱ्यातल्या तोल्मिन किंवा कोबारीदच्या आसपास, दोन त्रिएस्तेला. यापेक्षा जास्त ठिकाणं कोंबू नयेत. रोज मुक्काम हलवला की दिवस बसची वाट बघण्यात जातो.

गाडी आणि बस

येसेनित्से ते नोव्हा गोरित्सा हा लोहमार्ग 1906 साली सुरू झाला. ऑस्ट्रियाला त्रिएस्ते बंदराशी जोडणारी दुसरी वाट हवी होती, म्हणून हा खटाटोप. बोहीन्यस्का बिस्त्रित्सा आणि पोद्बर्दो यांच्यामधला बोगदा सहा किलोमीटरहून लांब आहे. शेवटाकडे सोल्कानचा पूल लागतो. त्याची 85 मीटरची मुख्य कमान ही दगडी रेल्वेपुलांमध्ये जगातली सर्वांत मोठी. मूळ कमान 1916 मध्ये पहिल्या महायुद्धात उडवली गेली. आजची 1927 साली पुन्हा बांधलेली आहे. पूल नोव्हा गोरित्साच्या अगदी आधी येतो आणि गाडी तो काही सेकंदांत ओलांडते, म्हणून सोल्कान जवळ आलं की खिडकीशी उभं राहावं.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे स्टेशनची अदलाबदल. ल्युब्ल्यानाहून येणाऱ्या मुख्य मार्गावरचं स्टेशन लेस्त्से-ब्लेड. ते तळ्यापासून चारेक किलोमीटर लांब आहे आणि बोहीन्यची गाडी तिथून जात नाही. तिकिटावर आणि ॲपमध्ये 'ब्लेड येझेरो' हेच नाव आहे ना, ते पाहावं. ल्युब्ल्यानाहून निघाल्यास येसेनित्सेला गाडी बदलायची. दुसरी चूक बोगद्याबाबत: याच मार्गावर मोटारी वाहून नेणारी रेल्वेही धावते, त्यामुळे भाड्याची गाडी असली तरी घाट न चढता बोहीन्यस्का बिस्त्रित्साहून पोद्बर्दो किंवा मोस्त ना सोचीला जाता येतं. हे ठाऊक नसल्याने अनेकजण डोंगराला मोठा वळसा घालतात.

या मार्गावर दिवसात मोजक्याच गाड्या आहेत. एक चुकली तर पुढची दोन-तीन तासांनी. लोहमार्गाच्या कामामुळे काही टप्पा बंद असेल तर बदली बस सुटते, पण ती सायकली घेत नाही. म्हणून आदल्या रात्री स्लोव्हेनियन रेल्वेच्या संकेतस्थळावर त्या तारखेचं वेळापत्रक उघडून पाहावं. मागच्या वर्षीचा फोटो कामाचा नाही. लहान स्टेशनवर तिकीट खिडकी नसेल तर तिकीट गाडीत कंडक्टरकडून मिळतं. खिडकी उघडी असताना मात्र तिथेच काढावं.

बसचं प्रकरण जास्त नाजूक. गावोगावच्या बऱ्याच बस मुळात शाळेच्या मुलांसाठी चालतात, त्यामुळे शाळेला सुट्टी लागली की त्या फेऱ्या गायब होतात. पाटीवर वेळेशेजारी बारीक अक्षर किंवा खूण असते आणि तिचा अर्थ तळाशी दिलेला असतो. वेळ पाहताना ती खूण वाचल्याशिवाय फोटो काढून पुढे जाऊ नये. 'ओद्‌होद' म्हणजे सुटण्याची वेळ, 'प्रिहोद' म्हणजे पोचण्याची. रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला फेऱ्या आणखी कमी. उन्हाळ्यात डोंगराच्या पायथ्याशी जाणाऱ्या खास बस सुरू होतात, त्यांचं वेळापत्रक स्थानिक पर्यटन कार्यालयात कागदावर मिळतं. ते हातात असलेलं बरं, कारण खोऱ्यात मोबाइलची रेंज हमखास जाते.

डोंगरातली रात्र

स्लोव्हेनियात गिर्यारोहण संघटनेची विश्रामघरं डोंगरभर पसरलेली आहेत. संघटना 1893 ची. पहिल्यांदाच जाणाऱ्याने दोम ना कोम्नी, म्हणजे कोम्ना पठारावरचं विश्रामघर, निवडावं. ते 1520 मीटरवर आहे. बोहीन्य तळ्याच्या पश्चिमेला सावित्साच्या धबधब्याजवळून वाट सुरू होते. पहिल्या महायुद्धात खेचरांनी रसद वाहण्यासाठी ती बांधली गेली, म्हणून चढ एकसारखा आहे आणि वळणं रुंद. अडीच तास लागतात. धबधब्याजवळूनच कोमार्चाच्या कड्यावरून दुसरी वाट सात तळ्यांच्या खोऱ्याकडे जाते. नकाशावर ती जवळची दिसते, पण तारा धरून चढायची आहे. ओल्या दगडावर आणि पाठीवर मोठी सॅक असताना तिच्या वाटेला जाऊ नये. कोम्नाला राहून दुसऱ्या दिवशी आणखी अडीचेक तास चाललं तर तीच तळी सोप्या वाटेने गाठता येतात.

वाटेवरची खूण म्हणजे लाल कडं आणि मधोमध पांढरा ठिपका. दहा-पंधरा मिनिटं खूण दिसली नाही तर शेवटच्या खुणेपर्यंत मागे फिरावं, अंदाजाने खाली उतरू नये. चुनखडीच्या या डोंगरात खड्डे आणि कडे अचानक येतात. संघटनेचं मापझेडएस हे ॲप नकाशासह आधीच उतरवून ठेवावं. आणीबाणीसाठी 112.

जागा फोन किंवा ईमेलने आधी सांगून ठेवावी. बेत रद्द झाला तर तेही कळवावं, कारण न आलेला पाहुणा डोंगरात अडकला असेल अशी शंका घेतली जाते. दुपारी दोनपर्यंत पोचावं, म्हणजे वादळाच्या आत. दारात बूट काढून रॅकवर ठेवायचे आणि तिथल्या सपाता घालायच्या. बुटासकट आत गेलेलं कोणालाही खपत नाही. मग काउंटरवर नाव नोंदवायचं आणि वहीत उद्याची वाट लिहायची. शोध घ्यायची वेळ आली तर पहिल्यांदा हीच वही उघडतात. सामायिक खोलीत ब्लँकेट आणि उशी मिळते, चादर मिळत नाही. स्वतःचा पातळ लायनर, म्हणजे झोपायची कापडी पिशवी, न्यावाच लागतो. आंघोळीचं पाणी बहुधा नसतं आणि पिण्याचं पाणी विकत घ्यावं लागतं, कारण चुनखडीत पाणी साठत नाही. पैसे रोख न्यावेत. रात्री दहानंतर शांतता. ज्यांच्याकडे परस्पर सवलत मिळणाऱ्या गिर्यारोहण क्लबचं कार्ड आहे, त्यांना मुक्कामाच्या दरात मोठी सवलत मिळते.

जेवण साधं आणि पोटभर. योता म्हणजे आंबवलेली कोबी, राजमा आणि बटाट्याचं दाट सूप. रिचेत म्हणजे बार्ली आणि कडधान्याचं. दोन्हींत बहुधा धुरी दिलेलं डुकराचं मांस असतं. मांस नको असेल तर 'ब्रेझ मेसा' असं मागवण्याआधीच सांगावं. भांडं एकच शिजत असेल तर श्त्रुक्ली मागवावेत, म्हणजे चीज किंवा फळं भरून गुंडाळून उकडलेले रोल. वाटेत समोरून येणाऱ्या प्रत्येकाला 'दोबेर दान' म्हणायची रीत आहे. ती पाळली की माणसं आपणहून पुढच्या वाटेची हालहवाल सांगतात.

या डोंगरातल्या त्रिग्लाव राष्ट्रीय उद्यानात तंबू ठोकायला आणि गाडीत रात्र काढायला बंदी आहे. रखवालदार दंड करतात.

सोचाच्या खोऱ्यात

मोस्त ना सोचीला उतरून बसने तोल्मिन किंवा कोबारीद. इथे हॉटेलऐवजी शेतघरात राहावं; पाटीवर 'तुरिस्तिच्ना क्मेतिया' लिहिलेलं असतं. सकाळ-संध्याकाळच्या जेवणासह घेतलं तरच त्याचा अर्थ आहे. संध्याकाळी सगळे एकाच टेबलावर बसतात आणि पानात घरचंच असतं. शेतघरं बहुधा गावाबाहेर चढावर असतात, तेव्हा बुकिंग करतानाच विचारावं की बसथांब्यावरून न्यायला येतील का. बहुतेक येतात, पण आधी सांगितलं तर. पासपोर्ट नोंदणीसाठी द्यावा लागतो. पर्यटन कर वेगळा.

तोल्मिनचं तोल्मिंत्स हे गाईच्या कच्च्या दुधाचं कडक चीज विकत घेण्याची खरी जागा म्हणजे वरची कुरणं. कर्न डोंगराखालच्या प्लानिना कुहिन्यापर्यंत रस्ता जातो. जून ते सप्टेंबर तिथे गुरं असतात. दूध सकाळी आणि संध्याकाळी काढतात, चीजचं काम सकाळी चालतं. म्हणून सकाळीच जावं. दुपारी दारं बंद दिसली तर नवल नाही. चीज मागताना कोवळं की मुरलेलं ते सांगावं आणि तुकडा कापण्याआधी चव मागायला संकोच करू नये. याच चीजची आणि बटाट्याची तव्यावर भाजलेली फ्रिका खानावळीत मिळते. कडा कुरकुरीत होईपर्यंत ठेवायला सांगावं.

कामाच्या दिवशी दुपारचं जेवण 'मालित्सा' म्हणून मागवावं. कामगारांसाठीचं ठरलेलं ताट असतं: सूप, मुख्य पदार्थ, सॅलड. किंमत मेन्यूपेक्षा बरीच कमी आणि अन्न ताजं. शनिवारी-रविवारी ते नसतं, आणि दुपारी उशिरा गेलं की संपलेलं असतं. रविवारी स्लोव्हेनियात मोठी दुकानंही बंद असतात, शनिवारीच सामान भरून ठेवावं. नाहीतर पेट्रोलपंपावरच्या सँडविचवर भागवावं लागतं.

कोबारीदला एक दिवस पूर्ण द्यावा. पहिल्या महायुद्धात 24 ऑक्टोबर 1917 ला इथे इटलीच्या सैन्याची फळी फुटली. गावातलं युद्ध संग्रहालय आधी पाहावं आणि मग पाच किलोमीटरची ऐतिहासिक वाट चालावी: खंदक, सोचावरचा झुलता पूल, कोझ्याकचा धबधबा. क्रम उलटा केला तर खंदक म्हणजे नुसते खड्डे वाटतात. तीन तास धरावेत. नदी हिरवी-निळी आणि मोहात पाडणारी आहे, पण पाणी भर उन्हाळ्यातही बर्फासारखं गार. उडी मारण्याआधी काठावर पाय ओले करून पाहावेत.

सरहद्द आणि ओस्मित्सा

नोव्हा गोरित्साच्या स्टेशनाबाहेर पडलं की समोरच्याच चौकात जमिनीवर सरहद्दीची खूण आहे. पलीकडे इटलीतलं गोरित्सिया. त्याचं स्टेशन शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. पायी अर्धा-पाऊण तास, नाहीतर शहर बस. इटलीने ऑक्टोबर 2023 पासून या सरहद्दीवर तात्पुरती तपासणी सुरू केली, म्हणून पासपोर्ट खिशात असू द्यावा. इटलीच्या प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यावं, नाहीतर तिकीट असूनही दंड. तासाभरात त्रिएस्ते.

त्रिएस्तेवरच्या कार्स्ट पठारावरच्या गावांत शेतकरी आपल्याच अंगणात काही दिवस ओस्मित्सा उघडतात. सम्राट दुसऱ्या योसेफच्या 1784 च्या फर्मानाने घरची वाइन आणि घरचं अन्न आठ दिवस विकायला मुभा मिळाली. आज दिवस जास्त असतात, पण तत्त्व तेच: फक्त स्वतःच्या शेतातलं. त्यामुळे माल संपला की दार बंद, आणि प्रत्येक घराची पाळी वेगळी. मागच्या आठवड्यात गजबजलेलं अंगण या आठवड्यात कुलूपबंद असतं. सकाळी ओस्मित्सांच्या संकेतस्थळावर त्या दिवशी कोणत्या उघड्या आहेत ते पाहावं आणि मग त्याच गावची बस शोधावी. उलट करू नये.

गावात पोचल्यावर रस्त्याच्या वळणावर खांबाला हिरवी आयव्हीची फांदी आणि लाल बाण दिसतो. फांदी ताजी असेल तर ओस्मित्सा उघडी. बाणामागून जावं, वाट एखाद्या घराच्या फाटकातून आत वळली तरी बिचकू नये. आत लाकडी टेबलं आणि बाकं. ऑर्डर काउंटरवर द्यायची, पैसे तिथेच, रोख. थाळी आणि सुरई स्वतः उचलून आणायची. टेबलावर जागा असेल तर विचारून अनोळखी माणसांशेजारी बसायचं. तीच इथली रीत आणि तीच इथली मजा. मिळतं ते थंड: हॅम, सलामी, चीज, उकडलेली अंडी, लोणच्याच्या भाज्या, पाव. मांस न खाणाऱ्याचं अंडी, चीज आणि भाज्यांवर छान भागतं. पांढऱ्यात वितोव्स्का आणि माल्वाझिया, लालमध्ये आंबटसर तेरान. सुरई पाव किंवा अर्ध्या लिटरची मागवावी. गरम जेवण मागू नये, कॉफीही बहुधा नसते.

पहिल्या वेळी ओपिचीनाच्या स्तंभापासून प्रोसेक्को गावापर्यंतची पाचेक किलोमीटरची सपाट वाट चालावी. डाव्या हाताला खाली आखाताचं पाणी दिसत राहतं. प्रोसेक्को आणि शेजारच्या कोंतोवेल्लोत पाळीनुसार ओस्मित्सा असतात. दुपारी चारच्या सुमारास पोचावं, उन्हं कलताना अंगणं भरू लागतात. परतीच्या शेवटच्या बसची वेळ जातानाच थांब्यावर पाहून ठेवावी आणि येण्या-जाण्याची दोन्ही तिकिटं शहरातल्या तंबाखूच्या दुकानातून आधीच घ्यावीत, कारण संध्याकाळी गावात ती मिळतील याचा भरवसा नाही. स्वतः गाडी चालवत असाल तर सुरईला हात लावू नका. अरुंद, दगडी कुंपणांच्या या रस्त्यांवर रात्री रानडुकरंही आडवी येतात.