परदेशात सेवेला गेल्यावर तरुणांचा शास्त्राभ्यास वर्ग कसा सुरू करायचा

आम्ही दोघं रिटायर झाल्यावर नाशिकहून दोन वर्षं मोंबासाला, म्हणजे केनियाच्या किनाऱ्यावर सेवेला होतो. तिथे कॉलेजच्या वयाच्या मुलामुलींसाठी शास्त्राभ्यासाचा, म्हणजे बायबल वाचून समजून घेण्याचा वर्ग सुरू केला, आता आपल्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, काही जोडपी निघालीयेत आणि विचारतायत म्हणून सविस्तर लिहिते.

जायच्या आधी कागद नीट करा. केनियात धार्मिक कामासाठी क्लास आय परमिट लागतं, फिरायला आलोय सांगून शिकवायला बसायचं नाही, आणि तो अर्ज तिथली मंडळी करते. म्हणजे त्यांचं बोलावणं आधी हवं, मग आपण.

पोचलात की लगेच वर्ग काढू नका. पहिले दोन महिने फक्त उपासनेला जा, मागच्या बाकावर बसा, पाळकांना विचारा की तरुणांसाठी आधीपासून काय चालू आहे. तिथे आपण काही नवीन घेऊन जात नाही हे मनापासून समजून घ्या. नाशिकच्या शरणपूरला गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकायची, त्यातली बरीच जण १८७० च्या दशकात मोंबासाजवळच्या फ्रियरटाऊनला गेली, तिकडे त्यांना बॉम्बे आफ्रिकन म्हणतात, आणि तिथली मंडळी उभी राहिली त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. शरणपूर रोडवरून मी आयुष्यभर ये-जा केली आणि हे मला मोंबासात कळलं! तिथल्या मंडळीला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, त्यामुळे शिकवणारे आपण एकटे नाही.

मग वेळ. यात माझी मोठी चूक झाली. मला वर्ग दुपारी चारला हवा होता, स्वाहिलीत चार म्हणजे न्ने, म्हणून मी उपासनेनंतर ‘सा न्ने’ असं जाहीर केलं. पण स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे एक, त्यामुळे सा न्ने म्हणजे सकाळचे दहा. सहा मुलं दहाला येऊन बंद दारासमोर उन्हात तासभर थांबून परत गेली, त्यातली एक मुलगी दोन मटाटू, म्हणजे तिकडच्या शेअर मिनीबस, बदलून आली होती. मला फार वाईट वाटलं. दुपारचे चार म्हणजे सा कुमी, हे तेव्हापासून पक्कं. आणि विषुववृत्त जवळ असल्याने वर्षभर साडेसहाच्या आसपास अंधार पडतो, मुलींना उजेडात घरी पोचता आलं पाहिजे, म्हणून सव्वापाचला वर्ग संपलाच पाहिजे.

सुरुवात पाच-सहा जणांनीच करा. आम्ही मार्ककृत शुभवर्तमान घेतलं, सोळाच अध्याय आहेत, आठवड्याला एक धरला तर साधारण एका सेमिस्टरमध्ये बसतो. आधी सगळ्यांनी आळीपाळीने मोठ्याने वाचायचं, ज्याला ज्या भाषेत जमेल त्या भाषेत, मग तीनच प्रश्न: यात काय घडलं, तुला काय खटकलं, या आठवड्यात काय करशील. प्रश्न विचारून गप्प बसायचं. हे फार अवघड जातं, विशेषतः मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलंय त्यामुळे उत्तर तोंडावर येतंच, पण थांबा. चौथ्या अध्यायात वादळाची गोष्ट आहे ना, तेव्हा एक मुलगा, त्याचे वडील मासेमारी करतात, तो बराच वेळ खाली बघत होता आणि मग कुसी, म्हणजे तिकडचा पावसाळी दक्षिणेचा वारा, सुटला की समुद्र कसा खवळतो, आई रात्री दार उघडं ठेवून कशी बसते ते सांगायला लागला. सगळे पुढे सरकून ऐकत होते. त्या दिवशी मी दहा मिनिटंसुद्धा बोलले नाही आणि तो आमचा सगळ्यात चांगला वर्ग झाला.

चहा आणि महाम्री ठेवा, म्हणजे नारळाच्या दुधातली वेलदोडा घातलेली गोड पुरी, पण खर्च सगळा आपण करायचा नाही, मुलांना पाळीने आणू द्या. मोंबासात मुस्लिम शेजारी खूप आहेत, रमजानमध्ये खाणं दार लोटून करा, गाणी हळू आवाजात म्हणा. एकट्या मुला-मुलीला घरी बोलावू नका, वर्गाला कायम दोन मोठी माणसं हजर हवीत.

आणि वर्ग सुरू झाल्यावर पहिल्याच महिन्यात मुलांमधले दोघं पुढारी निवडा, तिसऱ्या महिन्यापासून महिन्यातला एक वर्ग त्यांनी घ्यायचा, मग दोन, मग सगळे. शेवटचे चार महिने मी नुसती मागे बसायचे. आम्ही निघालो तेव्हा बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक चालू होतं, ते त्यांनीच निवडलं होतं, आणि खोलीची किल्ली त्या दोन मटाटू बदलून येणाऱ्या मुलीकडे होती.