नोकरी चालू असतानाच भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक तपासावे

पगारपत्रकावर भविष्यनिर्वाह निधीची कपात दिसते म्हणून ती रक्कम खात्यात जमा झालीच असेल, असे गृहीत धरू नये. मालकाने कामगाराचा आणि स्वतःचा हिस्सा पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरणे बंधनकारक असते. तो भरला की नाही, हे यूएएन (प्रत्येक सदस्याला मिळणारा कायमस्वरूपी खाते क्रमांक) वापरून सदस्य पासबुकात किंवा सरकारच्या उमंग ॲपवर पाहता येते. दोन-तीन महिन्यांच्या नोंदी गायब असतील, तर प्रथम मनुष्यबळ विभागाकडे ईमेलने लेखी विचारणा करावी (तोंडी आश्वासनाचा पुढे काहीही उपयोग होत नाही) आणि उत्तर न मिळाल्यास पगारपत्रके जोडून भविष्यनिर्वाह निधी संघटनेच्या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवावी.

नोकरी सुटल्यावर पैसे काढताना अडचण येते ती बहुधा खात्यावर सेवासमाप्तीची तारीख नोंदलेली नसल्याची. वादातून काढून टाकलेल्या कामगाराच्या बाबतीत मालक ही नोंद मुद्दाम रखडवू शकतो. मात्र शेवटचा हप्ता जमा झाल्यानंतर दोन महिने उलटले की आधारशी जोडलेल्या मोबाइलवरील ओटीपीच्या साहाय्याने कामगार ती स्वतः भरू शकतो.

दुसरी नोकरी मिळाल्यास पैसे काढण्याऐवजी खाते नव्या मालकाकडे वर्ग करून घेणेच हिताचे ठरते, कारण निवृत्तिवेतनासाठी लागणाऱ्या दहा वर्षांच्या सेवेत मागील नोकरीचा काळही धरला जातो.