थोरोंग ला सायकलवरून: सायकलची निवड आणि तयारी

नेपाळमधल्या अन्नपूर्णा सर्किटसाठी, म्हणजे अन्नपूर्णा पर्वतरांगेला वळसा घालणाऱ्या वाटेसाठी, सायकल निवडताना डोळ्यांसमोर एकच ठिकाण ठेवा: ५४१६ मीटर उंचीवरची थोरोंग ला ही खिंड. मनांगपर्यंत जीपचा कच्चा रस्ता आहे, तिथवर कुठलीही धड माउंटन बाइक पोहोचते. पुढे बराच वेळ ती ढकलावी लागते, आणि खिंडीच्या पायथ्याचा मुक्काम असलेल्या थोरोंग फेदीच्या वरचा चढ इतका अंगावर येतो की सायकल पाठीवरच घ्यावी लागते. खिंड ओलांडली की मुक्तिनाथपर्यंत जवळपास १६०० मीटरचा उतार. म्हणून सायकल उचलायला हलकी आणि ब्रेक भरवशाचे, हे आधी बघा. बाकी सगळं नंतर.

पुढे १०० ते १२० मिमी सस्पेन्शन असलेली, १३ किलोच्या आतली हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली माउंटन बाइक) उत्तम. हायब्रिड, म्हणजे रस्त्याची आणि माउंटन बाइकची मधली सायकल, नेऊ नका. गिअरसाठी पुढच्या चक्रीला ३० दात आणि मागे ५१ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चक्र्यांचा संच) असेल, तर २९ इंची चाकावर मिनिटाला पेडलच्या ६० फेऱ्या मारत ताशी साधारण ५ किमीने चढता येतं. पुढे ३४ दात असतील तर त्याच चढावर गुडघे बोलू लागतात. पेडल सपाट घ्या आणि बूट ट्रेकिंगचे, कारण चालणं खूप आहे.

ब्रेक हायड्रॉलिक डिस्कच हवेत, पुढची डिस्क किमान १८० मिमी. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरला की रेझिनचे पॅड तापतात आणि पकड सुटते. मेटल पॅड बसवा, एक जोडी जादा ठेवा आणि थोडा वेळ जोरात दाबून पूर्ण सोडायची सवय घरीच लावून घ्या.

मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे ती फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, जादा घ्याच. तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, वाटेत मिळत नाही, आणि वाकतो तो बहुतेकदा सायकल जीपच्या टपावर बांधताना. सोबत तुटलेली चेन जोडायचे दोन क्विक लिंक, दोन ट्यूब, टायरचं भोक बुजवायचे प्लग आणि हातपंप. टायर ट्यूबलेस असेल तर निघण्याआधी सीलंट (बारीक भोकं आपोआप बुजवणारा द्रव) नवीन भरा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं. चाकं काढून सायकल खोक्यात भरताना ब्रेक पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी सरकवा, नाहीतर लिव्हर दाबला गेला की पिस्टन बाहेर येऊन बसतात.

स्वतःची माउंटन बाइक नसेल तर काठमांडू किंवा पोखऱ्यात भाड्याने मिळते. घेताना दोन्ही ब्रेक लिव्हर दाबून बघा: ते हँडलला टेकत असतील तर ब्रेकमध्ये हवा आहे, ती सायकल सोडा.

आता शरीराची तयारी. सिंहगडाचा घाट आठवड्यातून दोनदा चढलात तर पाय तयार होतील, पण उंचीची सवय महाराष्ट्रात होत नाही. आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १६४६ मीटर. खिंडीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो आणि तिथे दमदार सायकलस्वारही आजारी पडतो, उलट तो जास्त, कारण तो भरभर चढतो. ३००० मीटरच्या वर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. मनांगला, ३५४० मीटरवर, दोन रात्री काढा. उंचीच्या त्रासावरचं औषध डायमॉक्स घ्यायचं की नाही ते डॉक्टरांना विचारा. सल्फाची अॅलर्जी असेल तर तसं आधीच सांगा. डोकेदुखीबरोबर मळमळ असेल तर वर जाऊ नका. सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकत चालता येत नसेल, तर त्याच क्षणी खाली उतरा, रात्र असली तरी. विम्याच्या कागदात उंचीची मर्यादा आणि हेलिकॉप्टरचा खर्च शोधून वाचा.

भारतीयांना व्हिसा लागत नाही, अन्नपूर्णा संवर्धन क्षेत्राचा परवाना मात्र लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत चांगला. खिंड सकाळी लवकर ओलांडा, उशिरा वारा सुटतो. मुक्तिनाथच्या पुढच्या जोमसोमहून खाली येतानाही तेच: काली गंडकीच्या खोऱ्यात सकाळ कलली की समोरून असा वारा येतो की उतारावरही पेडल मारावं लागतं. उजाडताच निघा.