काडतुसांच्या पितळी पुंगळ्या साफ करताना या चुका टाळा

अमेरिकेत नेमबाजीचा छंद असलेले अनेक जण झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या जमवतात आणि घरीच पुन्हा भरतात. हा मजकूर तेथे राहून कायदेशीरपणे हे काम करणाऱ्यांसाठी आहे. भारतात परवान्याशिवाय काडतुसे तयार करणे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे.

बहुतेक चुकांचे मूळ एकच असते, ते म्हणजे चकाकीलाच स्वच्छता मानणे. पुंगळीवरची काजळी, वाळू आणि माती निघणे आवश्यक आहे, कारण वाळूचा एक कणदेखील डायच्या (पुंगळीला पुन्हा मापात आणणाऱ्या साच्याच्या) आतल्या पृष्ठभागावर कायमचा ओरखडा पाडू शकतो. पण आरशासारखी चमक आली म्हणून नेम सुधारत नाही आणि जुन्या पुंगळीचे आयुष्यही वाढत नाही.

सर्वांत घातक चूक म्हणजे अमोनिया असलेले पॉलिश वापरणे. पुंगळीच्या पितळेत सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते, आणि थंड अवस्थेत ओढून आकार दिल्यामुळे त्या धातूत ताण साठून राहतो. अशा पितळेला ओलाव्यासह अमोनिया लागला की वरून धड दिसणारी पुंगळी आतून तडकत जाते. हे प्रथम ठळकपणे दिसले ते ब्रिटिश अमलाखालच्या भारतातच: पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत साठवलेली लष्करी काडतुसे तडकू लागली, आणि त्यामागे जनावरांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया होता, याचा उलगडा १९२१ साली झाला. म्हणून धातूच्या पॉलिशच्या बाटलीवरील घटक वाचल्याशिवाय ती पुंगळ्यांच्या जवळही आणू नये.

आम्लाचेही तारतम्य हवे. समई चिंचेने लख्ख होते, म्हणून पुंगळ्याही व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवाव्यात, असे मुळीच नाही. पितळ गुलाबी दिसू लागले, तर आम्लाने पृष्ठभागावरील जस्त खाल्ले असण्याची शक्यता मोठी असते. थोडासा रंग बदलला असेल तर पुढच्या वेळी प्रमाण आणि वेळ दोन्ही कमी करावे, पण गुलाबी डाग खोल किंवा खडबडीत असतील तर ती पुंगळी मोडीतच घालावी. सायट्रिक आम्ल चिमूटभर पुरते, आणि नंतर स्वच्छ पाण्याने खळबळून धुणे अनिवार्य आहे.

टंबलरमध्ये, म्हणजे पुंगळ्या फिरवून घासणाऱ्या यंत्रात, टाकण्यापूर्वी प्रत्येक पुंगळी हातात घेऊन पाहावी. ढिगात चुकून न झाडलेले काडतूस आले असेल तर ते बाजूला काढावे. तडा गेलेल्या पुंगळ्या बाद कराव्यात. आणि ९ मिलिमीटरची पुंगळी .४५ इंची काडतुसाच्या मोठ्या पुंगळीत अडकून बसली असेल, तर दोन्ही वेगळ्या कराव्यात, नाहीतर आतली बाजू मळकीच राहते. यंत्रात पाणी घालून धुण्याच्या ओल्या पद्धतीत जुना प्रायमर (बुडाशी बसवलेली, बारूद पेटवणारी छोटी टोपी) आधी काढलेला बरा, कारण त्याच्या खोबणीत पाणी साचून राहते. घासण्यासाठी स्टीलच्या बारीक पिना वापरल्यास प्रत्येक पुंगळी उजेडात धरून तपासावी, कारण आत राहिलेली पिन बंदुकीच्या नळीला इजा करू शकते. तासन् तास फिरवल्याने पुंगळ्यांची तोंडे एकमेकींवर आपटून ठेचली जातात, तेव्हा काजळी निघताच यंत्र थांबवावे.

वाळवण्याची घाई फार महागात पडते. भट्टीच्या उष्णतेत पितळ मऊ पडते, आणि पुंगळीचा बुडाचा भाग मऊ पडला तर झाडताना तो दाब सोसू शकत नाही. जाळीवर पसरून पंख्याखाली एक-दोन दिवस वाळू द्याव्यात. आत ओल राहिली तर बारूद खराब होते आणि काडतूस पेटतच नाही.

शेवटची बाब घरातल्या माणसांची आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. बहुतेक प्रायमरांत शिशाचे संयुग असते, त्यामुळे कोरड्या टंबलरमधील मक्याच्या कणसाच्या किंवा अक्रोडाच्या टरफलाच्या भुश्यात शिसेयुक्त धूळ साठत जाते. तो भुसा घरात चाळू नये. मोकळ्या हवेत, मास्क लावून, टंबलरचे झाकण हळू उघडावे. स्वयंपाकघराचे सिंक, चाळण किंवा ओव्हन या कामाला कधीच वापरू नये. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला शिशाची अल्प मात्राही बाधते, म्हणून काम आटोपताच हात साबणाने धुवावेत आणि कपडे बदलूनच मुलांजवळ जावे.