जीआरईच्या शब्दांची यादी उघडण्याआधी

पर्याय झाकायचे. जीआरई म्हणजे परदेशात पदवीनंतरच्या शिक्षणासाठी देतात ती प्रवेशपरीक्षा. तिच्या व्हर्बलची, म्हणजे इंग्रजीच्या भागाची, तयारी करायला जी मुलं माझ्याकडे येतात, त्यांना मी सगळ्यांत आधी ही सवय लावते. गाळलेल्या जागेचं वाक्य समोर आलं की खालच्या पर्यायांवर तळहात ठेवायचा, वाक्य दोनदा वाचायचं आणि त्या जागी काय बसेल ते मराठीत, तोंडाने सांगायचं. मग हात काढायचा.

मी व्यवसायाने मुद्रितशोधक. नारायण पेठेत राहते. मराठी आणि इंग्रजी पुस्तकांची प्रुफं घरी वाचते आणि संध्याकाळी आजूबाजूची मुलं आपापलं इंग्रजी घेऊन येतात. बहुतेक इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाची, त्यातली पुष्कळशी दहावीपर्यंत मराठी माध्यमातली; कुणी बीडचं, कुणी सांगलीचं, इथे कॉट बेसिसवर राहणारं. हातात अप्पा बळवंत चौकातून आणलेलं शब्दांचं जाडजूड पुस्तक असतं आणि पहिला प्रश्न ठरलेला: “काकू, यातले किती पाठ करू?”

हा प्रश्न जुन्या परीक्षेचा आहे. पूर्वी जीआरईत सुटा शब्द देऊन त्याचा विरुद्धार्थी विचारत, शब्दांच्या जोड्यांमधलं साम्य ओळखायला सांगत. ऑगस्ट २०११मध्ये हे दोन्ही प्रकार गेले. सप्टेंबर २०२३पासून परीक्षा आणखी आटोपशीर झाली आहे. सगळी मिळून १ तास ५८ मिनिटांची, त्यात व्हर्बलचे दोन भाग: पहिल्यात १८ मिनिटांत १२ प्रश्न, दुसऱ्यात २३ मिनिटांत १५. साधारण निम्मे प्रश्न उताऱ्यांवरचे, बाकीचे गाळलेल्या जागांचे. सुटा शब्द कुठेच विचारत नाहीत. प्रत्येक शब्द वाक्यात येतो, आणि ते वाक्यच त्याचा अर्थ सांगत असतं. यादी मात्र अजून जुन्याच पद्धतीने पाठ केली जाते, आणि त्यात मुलांचे महिने जातात याचं मला फार वाईट वाटतं.

उदाहरण घ्या. वाक्य माझंच आहे: ‘ऑल्दो द मिनिस्टर वॉज नोन फॉर हिज अमुक, हिज फेअरवेल स्पीच रॅन ऑन फॉर टू अवर्स.’ अमुकच्या जागी पर्याय पाच: टॅसिटर्निटी, गॅर्युलिटी, प्रोबिटी, ॲक्युमेन, सर्व्हिलिटी. पाचही शब्द पाठ असलेला मुलगा ‘टू अवर्स’ बघतो, बडबड आठवते आणि गॅर्युलिटीवर खूण करून मोकळा होतो. पर्याय झाकून वाचणारी मुलगी ‘ऑल्दो’पाशी थांबते. भाषण लांबलं, तरीही... म्हणजे एरवी माणूस कमी बोलणारा. “मितभाषीपणा,” ती म्हणते. म्हणजे टॅसिटर्निटी. मग पाचांतला फक्त एक शब्द ओळखीचा असला तरी पुरतो. ओळखीचा नसला तरी बाकीचे चार कटवता येतात.

मराठीत का सांगायचं? कारण इंग्रजीत विचार करायला गेलं की डोक्यात पहिल्यांदा यादीतलाच शब्द येतो, आणि तो वाक्यात बळेच बसवला जातो. मराठीत मात्र आपण वाक्य काय म्हणतंय त्याच्याशीच प्रामाणिक राहतो. मराठी माध्यमाच्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते, कारण त्यांना आपलं मराठी म्हणजे पायातली बेडी वाटत असतं. या प्रश्नात ते तुमच्या बाजूने उभं आहे.

दोन किंवा तीन जागा गाळलेल्या असतील तर पहिल्या जागेपासूनच सुरुवात करावी असं काही नाही. जी जागा सर्वांत उघड दिसते तिथून शिरायचं. सगळ्या जागा बरोबर आल्या तरच गुण, अर्धे गुण मिळत नाहीत. सहा पर्यायांतून दोन निवडायच्या प्रश्नातही तसंच. तिथे दोन शब्दांनी वाक्याचा अर्थ एकच व्हायला हवा. समानार्थी जोडी दिसली की झडप घालू नका. वाक्यात अजिबात न बसणारी एखादी जोडी तिथे मुद्दाम ठेवलेली असते. आणि एखादा शब्द चपखल बसतो, पण त्याला जोडीदारच नसतो. तो सोडायचा.

आता शब्दांचं. शब्द लागतातच, त्याबद्दल वाद नाही. पण वही यादीसारखी अ ते ज्ञ लावू नका. एका पानावर एक कुटुंब घ्या, आणि पानाचं नाव मराठीत. ‘पैसे जपून वापरणारा’ या पानावर फ्रूगल, थ्रिफ्टी, पार्सिमोनियस, माइझर्ली. आपण काटकसरी म्हणतो तेव्हा कौतुक असतं, चिक्कू म्हणतो तेव्हा नसतं, आणि कवडीचुंबक म्हटलं की माणूस पार गेला. इंग्रजीतही तीच उतरंड आहे: फ्रूगल वरच्या पायरीवर, माइझर्ली तळाशी. गाळलेल्या जागेत अनेकदा हाच स्वर तपासतात. ‘कमी बोलणं’ या पानावर सक्सिंक्ट ही स्तुती, टर्समध्ये थोडा तुटकपणा, रेटिसेंट म्हणजे मनातलं बाहेर न काढणारा. प्रत्येक शब्दाखाली एक वाक्य, आणि ते तुमच्या ओळखीच्या माणसाबद्दल असू द्या. माझ्याकडच्या एका मुलीने टर्सखाली आपल्या घरमालकांच्या व्हॉट्सॲप मेसेजबद्दल लिहिलं होतं. तो शब्द ती विसरणं शक्यच नाही.

रोज दहा-पंधरा शब्द पुष्कळ झाले. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने परत पाहायचे, अर्थ झाकून.

वहीची शेवटची काही पानं मात्र वेगळी ठेवा, कारण खरी दाणादाण तिथे उडते. ही पानं ओळखीच्या शब्दांची. आपण पुण्यात दिवसातून दहा वेळा ‘क्वालिफाय झालो’ म्हणतो. उताऱ्यात लेखक आपलं विधान क्वालिफाय करतो तेव्हा तो त्याला मर्यादा घालत असतो, ‘हे खरं, पण इतक्यापुरतंच’ असं म्हणत असतो. टेंपर म्हणजे सौम्य करणं. चेक म्हणजे आवर घालणं. वॉन्ट म्हणजे उणीव. पेडेस्ट्रियन म्हणजे रटाळ, सामान्य. प्लास्टिक म्हणजे हवा तसा आकार घेणारं. डिस्क्रिमिनेटिंग वाचक हा भेदभाव करणारा नसून पारखी असतो. सँक्शन तर परवानगीही असते आणि निर्बंधही. कोणता अर्थ ते वाक्यच सांगणार. याशिवाय दिसण्यावरून फसवणारे: एनर्वेटमध्ये ‘नर्व्ह’ दिसते म्हणून मुलं उत्साह देणं समजतात, पण अर्थ आहे त्राण काढून घेणं. डिसइंटरेस्टेड म्हणजे निःपक्षपाती. नॉइसमचा नॉइजशी संबंध नाही. तो किळसवाण्या, घातक गोष्टीला लागतो. अवघड शब्द निदान अवघड दिसतो, त्यामुळे आपण सावध असतो. हे सोपे दिसणारे शब्द गुण घेऊन जातात.

माझ्या टेबलावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश कायम असतो. पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची; आता इंटरनेटवरही मोफत शोधता येतो. मुलांना मी तो उलट्या वाटेने वापरायला लावते. ‘तिरसट’, ‘लाघवी’, ‘हेकट’ असा तोंडातला शब्द काढा आणि इंग्रजी अर्थ वाचा. एकोणिसाव्या शतकातलं ते इंग्रजी परीक्षेला लागणाऱ्या शब्दांनी खच्चून भरलेलं आहे, आणि इथे ते तुमच्या आजीच्या शब्दांना बांधलेले मिळतात. मात्र कोश जुना आहे. तिथला शब्द आजच्या एखाद्या चांगल्या इंग्रजी कोशात पडताळल्याशिवाय वहीत घेऊ नका.

शब्दांच्या मूळ धातूंचाही थोडा उपयोग होतो. लॅटिन आणि संस्कृत एकाच मूळ भाषेतून आल्या असाव्यात हे भाषाभ्यासक विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत १७८६ साली मांडलं. त्यामुळे मृत आठवलं की मॉरिबंड (मरणपंथाला लागलेला), नव आठवलं की नॉव्हिस (नवशिका), जन आठवलं की प्रोजेनी (संतती) लक्षात राहतात. अंदाजाला एवढं बास. पुढे गेलात तर घसराल. पेडेस्ट्रियनमधला ‘पेड’ पायाचा, आपल्या पद-शी नातं असलेला. पेडिॲट्रिकमधला ग्रीक, मुलाचा.

उताऱ्यांना मी सर्वांत जास्त वेळ देते. उतारा समजत नाही म्हणजे इंग्रजी कच्चं, असं मुलं धरून चालतात. माझा अनुभव असा की निम्म्या वेळा शब्द कळलेले असतात; कोण बोलतंय ते कळलेलं नसतं. या परीक्षेचे उतारे बहुतेक करून मतभेदाचे असतात. आधीचे अभ्यासक असं मानत, नव्या पुराव्याने शंका आली, पण नव्यांचंही सगळंच खरं नाही. लेखक तिसरीकडेच उभा असतो.

समजा उतारा आपल्याच गावातल्या कामाबद्दल आहे: भांडारकर संस्थेने १९१९मध्ये हाती घेतलेली आणि १९६६मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेला पाठ. पहिलं वाक्य म्हणतं, हस्तलिखित जितकं जुनं तितकं मूळ पाठाच्या जवळ, असा सर्वसाधारण समज आहे. दुसरं म्हणतं, पण उशिरा केलेली नक्कलसुद्धा एखाद्या चांगल्या, जुन्या प्रतीवरून उतरलेली असू शकते. तिसरं काश्मीरच्या शारदा लिपीतल्या परंपरेचं उदाहरण देतं, जिला संपादकांनी विशेष वजन दिलं. चौथं म्हणतं, म्हणून प्रतीचा काळ निरर्थक ठरत नाही, फक्त तेवढ्यावर निर्णय करता येत नाही.

आता विचारलं, लेखकाचा हेतू काय? एक पर्याय म्हणेल, ‘हस्तलिखितांचा काळ महत्त्वाचा नसतो हे सिद्ध करणं’. तीन वाक्यांपर्यंत खरं वाटतं, चौथ्याने ते खोडलं आहे. दुसरा म्हणेल, ‘काश्मिरी परंपरेची श्रेष्ठता दाखवणं’. ते उदाहरण होतं, मुद्दा नव्हे. तिसरा म्हणेल, ‘एका रूढ समजाला मर्यादा घालणं’. हाच. इथे परत तो क्वालिफाय आला, बघा.

हे दिसावं म्हणून मी पेन्सिल वापरते. प्रुफात खुणा करायची सवय असल्याने मला सोपं जातं, तुम्हालाही जमेल. ‘हाउएव्हर’, ‘येट’, ‘ग्रँटेड’, ‘टु बी शुअर’, ‘नॉट सो मच... ॲज’ अशा वळणांना गोल करा. दुसऱ्याचं मत जिथे सुरू होतं तिथे समासात ‘ते’ लिहा, लेखकाचं जिथे सुरू होतं तिथे ‘मी’. उतारा संपल्यावर एका मराठी वाक्यात सांगा, लेखक कुणाला काय म्हणतोय. सांगता आलं नाही तर प्रश्नांकडे जाऊ नका, परत वाचा. काही आठवड्यांनी पेन्सिलीशिवाय डोक्यातच खुणा पडायला लागतात, आणि तसं व्हायलाच हवं. परीक्षा संगणकावर असते, तिथे कच्चा कागद मिळतो पण उतारा पडद्यावरच असतो. म्हणून शेवटचा महिना सगळा सराव पडद्यावर करा.

चुकीचे पर्याय ओळखण्यात हुशार मुलंच जास्त अडकतात. एखादी गोष्ट त्यांना बाहेरून ठाऊक असते, ती पर्यायात दिसते आणि ती खरीही असते. पण उताऱ्यात नसते. मुद्रितशोधकाला पहिला धडा हाच मिळतो: कागदावर काय असायला हवं ते वाचू नकोस, काय आहे ते वाच. बोट ठेवून ओळ दाखवता आली पाहिजे. ‘ऑल्वेज’, ‘ओन्ली’, ‘एन्टायर्ली’ असे टोकाचे शब्द आले की दुप्पट सावध. तीन विधानांपैकी लागू पडतील तेवढी निवडा असा प्रश्न असेल तर प्रत्येक विधान स्वतंत्रपणे तपासा. एक असेल, दोन असतील किंवा तिन्ही.

काय वाचायचं? ज्या विषयाचा कंटाळा येतो ते. संगणकवाल्यांनी कलेचा इतिहास आणि समाजशास्त्र, कॉमर्सवाल्यांनी जीवशास्त्र. इंग्रजी दैनिकातला एक अग्रलेख आणि आठवड्याला दोन मोठे पुस्तक-परीक्षणाचे लेख एवढं नेमाने करा. विद्यापीठात असाल तर जयकर ग्रंथालयात बसा. पेठेतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांमध्ये बसायचं असेल तर तेही छान, तिथली शांतता आपल्यालाही लागते. मराठीतला एखादा गंभीर, युक्तिवाद असलेला निबंधही वाचा आणि त्यालाही ‘ते’ आणि ‘मी’ लावून पाहा. हा वेळ वाया जात नाही.

वेळेचा हिशेब साधा. १८ मिनिटांत १२ म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. एका जागेचं वाक्य त्याहून लवकर सुटतं, तो वाचलेला वेळ लांब उताऱ्याला द्या. एका भागात प्रश्न मागे ठेवून परत येता येतं, तेव्हा अडून बसू नका. पहिला भाग कसा गेला यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते, म्हणून सुरुवातीला सैल राहून चालत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे कोरं काही सोडायचं नाही. परीक्षा घेणाऱ्या ईटीएसच्या पॉवरप्रेप या दोन पूर्ण सराव परीक्षा मोफत आहेत. पहिली शेवटच्या महिन्याच्या सुरुवातीला द्या, दुसरी परीक्षेच्या आठवडाभर आधी, दोन्ही घड्याळ लावून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. चुकलेल्या प्रश्नापुढे कारण लिहा: शब्द माहीत नव्हता, वळण सुटलं, की पर्याय घाईत वाचला. पुढच्या आठवड्यात काय करायचं ते याच तीन कारणांतून ठरतं.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी, तुम्हाला हव्या त्या अभ्यासक्रमाला जीआरई लागते का ते पाहा. बऱ्याच विद्यापीठांनी ती ऐच्छिक केली आहे, आणि फी काही थोडी नाही. लागत असेल तर गुण पाच वर्षं चालतात, आणि हवी तर २१ दिवसांनी परत देता येते.

नोंदणी करताना नाव ओळखपत्रावर आहे तसंच, अक्षर न् अक्षर भरा. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी मधल्या रकान्यात असतं, कधी पहिल्या नावालाच जोडलेलं, आडनावाच्या स्पेलिंगचे दोन-दोन अवतार असतात. एकदा स्वतः तपासा, मग दुसऱ्या कुणाला तरी एकेक अक्षर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा आणि तुम्ही ओळखपत्र हातात धरून जुळवा.