एसीच्या सेन्सरवर संशय आहे? सुटा भाग बदलण्याआधी या चुका टाळा

एसी सुरू होतो, थोड्याच वेळात कॉम्प्रेसर बंद पडतो आणि खोली तापलेलीच राहते. किंवा उलट, रिमोटवर २४ लावलेत आणि कॉम्प्रेसर रात्रभर थांबायचं नाव घेत नाही. अशा वेळी आधी गॅसवर संशय जातो, मग पीसीबीवर, म्हणजे एसीच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर. दोन्ही खर्चिक. वायरीच्या टोकाला बसलेला मण्याएवढा सेन्सर मात्र तपासायचाच राहून जातो, आणि तपासायला एक मल्टिमीटर आणि वाटीभर बर्फाचं पाणी पुरतं.

स्प्लिट एसीच्या इनडोअर युनिटमध्ये सहसा दोन सेन्सर असतात. रूम सेन्सर फिल्टरच्या मागे, कॉइलच्या (हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या) पुढ्यात प्लॅस्टिकच्या क्लिपमध्ये बसतो आणि आत खेचल्या जाणाऱ्या हवेचं तापमान घेतो. कॉइल सेन्सरला तांब्याचं टोपण असतं. तो कॉइलच्या पाइपला जोडलेल्या छोट्या पोकळ नळीत सरकवलेला असतो. दोन्ही एनटीसी थर्मिस्टर, म्हणजे तापले की रेझिस्टन्स (विजेला होणारा विरोध, तो किलोओममध्ये मोजतात) उतरतो, थंड झाले की चढतो.

कोड दिसला म्हणजे सेन्सर गेला, असं धरू नका

सेन्सरचा एरर कोड एवढंच सांगतो की त्या सर्किटमध्ये वायर तुटल्यासारखं किंवा शॉर्ट झाल्यासारखं काही दिसतंय. बोर्डावरचा कनेक्टर सैल झाला, पिनांवर हिरवट गंज चढला किंवा उंदराने वायर कुरतडली तरी तोच कोड येतो. कनेक्टर काढा, पिना पाहा, पुसून घट्ट बसवा. कधी कधी काम इथेच संपतं. शिवाय एकच कोड दोन कंपन्यांत दोन वेगळे अर्थ दाखवतो, म्हणून आपल्याच मॉडेलचं मॅन्युअल बघा.

जास्त फसवतो तो अर्धवट बिघडलेला सेन्सर. २५ अंशांना १० किलोओम दाखवायला हवेत तिथे तो साडेबारा दाखवू लागला, तर बोर्डाला खोली २० अंशांवर आहे असं वाटतं. कोड येत नाही, पण २४ लावलेला एसी खोली नीट गार व्हायच्या आत थांबतो.

मोजताना होणाऱ्या चुका

रिमोटने बंद केलेला एसी बंद नसतो, बोर्डाला वीज चालूच असते. एमसीबी (एसीच्या लाइनचा ट्रिप होणारा स्विच) पाडा, मगच कव्हर उघडा. सेन्सर बोर्डावर लावलेला असतानाच मोजला तर बोर्डातले रेझिस्टर मध्ये येतात आणि आकडा चुकतो; प्लग काढूनच दोन पिनांमध्ये मोजा. चालू बोर्डावर व्होल्टेज मोजायच्या भानगडीत पडू नका: काही बोर्डांत सेन्सरची बाजूसुद्धा मेन लाइनपासून वेगळी केलेली नसते.

नुसता एक आकडा पुरत नाही, त्या क्षणाचं तापमानही माहीत हवं. सेन्सरशेजारी थर्मामीटर ठेवा आणि पाच मिनिटं थांबा. २५ अंशांना १० किलोओमचा नेहमीचा सेन्सर ३५ अंशांना साधारण साडेसहा, तर ५० अंशांना ३.६ किलोओमच्या आसपास दाखवतो. मग टोक पातळ पिशवीत घालून बर्फाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं धरा: आकडा ३२-३३ किलोओमपर्यंत चढायला हवा. चढताना तो सलग चढावा. मध्येच उड्या मारत असेल किंवा वायर हलवताच बदलत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर गेली. मीटर ओपन (सर्किट तुटलेलं) दाखवत असेल किंवा शून्याजवळ असेल तर प्रश्नच उरत नाही.

दिसायला सारखा, पण किलोओम वेगळे

ही चूक सर्वांत जास्त त्रास देते, कारण सगळे सेन्सर दिसायला एकसारखेच. बाजारात ५, १०, १५, २० किलोओमचे मिळतात आणि काही मॉडेलांत रूम आणि कॉइल सेन्सरचे किलोओमही वेगवेगळे असतात. १० किलोओमच्या जागी ५चा लावला की २५ अंशांची खोली बोर्डाला ४१ अंशांची वाटते. कॉम्प्रेसर कट-ऑफ होतच नाही. ५च्या जागी १०चा लावला तर खोली १० अंशांवर असल्याचं दिसतं आणि कूलिंग सुरूच होत नाही. नवा सेन्सर बसवण्याआधी तोही मोजून घ्या.

सेन्सरच्या जागी ठरावीक किलोओमचा रेझिस्टर लावून एसी ‘चालू करून देणं’ हा जुगाड तर कुणालाही करू देऊ नका. कॉइल गोठतेय हे मग बोर्डाला कधीच कळत नाही, आणि द्रवरूप गॅस कॉम्प्रेसरमध्ये परतला तर तोही जातो.

सेन्सर चांगला, जागा चुकीची

सर्व्हिसिंगनंतर लगेच त्रास सुरू झाला असेल तर आधी हेच बघा. रूम सेन्सर क्लिपमधून निसटून कॉइलला टेकला की बोर्डाला खोली गार झाल्यासारखी वाटते आणि कॉम्प्रेसर लवकर बंद होतो. कॉइल सेन्सर नळीतून बाहेर आला तर बर्फ साचला तरी संरक्षण लागू होत नाही. हीटिंगमध्ये कॉइल तापल्याचं न कळल्याने आतला पंखा थांबूनच राहतो. काही इन्व्हर्टर एसी कॉम्प्रेसर सुरू झाल्यावर कॉइल गार होते का, यावरून गॅस कमी असल्याचा कोड देतात. सेन्सर नुसता लोंबकळत असेल तरी तोच कोड दिसतो, आणि विनाकारण गॅस भरला जातो. टोपण नळीत पूर्ण आत, क्लिपसकट घट्ट हवं.

बिचाऱ्या सेन्सरला उगाच दोष मिळण्याची आणखी दोन कारणं आहेत. फिल्टर तुंबला की कॉइल खरोखरच गोठते आणि सेन्सर कॉम्प्रेसर थांबवतो. ते त्याचं कामच आहे. आणि ज्या रिमोटमध्ये स्वतःचा सेन्सर असतो तो उन्हात किंवा कपाटात पडला असेल तर एसी तिथलं तापमान धरून चालतो. तो मोड बंद करून बघा.

आउटडोअर युनिटमधला कॉम्प्रेसरच्या डिस्चार्ज पाइपवरचा (तापलेला गॅस बाहेर नेणाऱ्या नळीवरचा) सेन्सर बऱ्याचदा २५ अंशांना ५० किलोओमचा असतो, कारण त्याला १०० अंशांच्या पुढचं तापमान मोजायचं असतं. तो आकडा पाहून दचकू नका. पण इन्व्हर्टरच्या आउटडोअर बोर्डावरचे कपॅसिटर वीज तोडल्यावरही काही मिनिटं ३०० व्होल्टच्या वर भारलेले राहू शकतात. ते उतरल्याची मीटरने खात्री करता येत नसेल, तर ते झाकण तंत्रज्ञालाच उघडू द्या.